हिरव्या पडद्यासमोर हिरवी साडी

डोहाळजेवणाच्या फोटोंचं काम आलं की मी आता तारीख विचारायच्या आधी विचारतो, साडी कुठल्या रंगाची? समोरून उत्तर ठरलेलं असतं, अहो दादा हिरवीच, डोहाळजेवणाला दुसरी कुठली नेसणार. बरोबरच आहे, आपल्याकडे हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि वर फुलांची वाडी असाच थाट असतो. पण चार वर्षांपूर्वी मी नेमकं हेच न विचारता एका ताईंना नव्या कोऱ्या हिरव्या पडद्यासमोर बसवलं, ४५ फोटो काढले, आणि रात्री कॉम्प्युटरवर पडदा काढून त्याजागी तळ्याचा फोटो टाकायला गेलो तर पडद्याबरोबर साडी पण गेली. चेहरा, हात, फुलांचे दागिने तेवढे जागेवर आणि मधे आरपार तळ्याचं पाणी. सातवा महिना उलटत आलेला, कंबर दुखत होती, तरी त्यांना परत बोलवावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून हे प्रकरण नीट मुळापासून समजून घेतलं. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हल्ली पडदा स्वस्त मिळतो म्हणून खूप जण घेतात आणि दोनदा वापरून कपाटात टाकतात.

आमच्या वडिलांच्या स्टुडिओत रंगवलेले पडदे होते. एकावर बाग, एकावर महालाचा जिना आणि खांब, दोरी ओढली की खाली यायचे. चित्र खोटं आहे हे कुणालाही दिसायचं, पण माणूस आणि पडदा एकाच खोलीत एकाच उजेडात असायचे, त्यामुळे फोटो एकसंध वाटायचा. क्रोमामधे, म्हणजे एका रंगाचा पडदा कापून मागे दुसरं दृश्य टाकायच्या या प्रकारात, आमच्या लाईनमधे सगळे याला क्रोमाच म्हणतात, माणसाचा फोटो एका जागी निघतो आणि मागचं दृश्य भलतीकडे भलत्या वेळी काढलेलं असतं. या दोघांना एका फोटोत नांदवायचं हे खरं काम. पडदा कापणं त्यामानाने सोपं, आणि लोक मात्र सगळी ताकद कापण्यातच घालवतात.

तरी कापणं कसं होतं ते एकदा कळलं की अर्ध्या चुका आपोआप टळतात. फोटो म्हणजे लाखो बारीक ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती, ० ते २५५ मधे. समजा पडद्यावरचा एक ठिपका आहे लाल ६०, हिरवा १८०, निळा ७०. सॉफ्टवेअर काय करतं, हिरव्याच्या आकड्यातून बाकीच्या दोघांपैकी जो मोठा असेल तो वजा करतं. १८० वजा ७०, आले ११०. आकडा मोठा, म्हणजे हा पडदा, काढून टाक. आता गालावरचा ठिपका घ्या, लाल २०५, हिरवा १६०, निळा १३५. १६० वजा २०५ म्हणजे उणे ४५, म्हणजे हा माणूस, राहू दे. माणूस गोरा असो, सावळा असो, काळा असो, कातडीत लाल हा हिरव्यापेक्षा जास्तच असतो, म्हणून ही वजाबाकी सगळ्यांना चालते. पांढरं फूल असेल तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, वजाबाकी शून्य, तेही वाचलं. काळे केस, तेच. प्रत्येक सॉफ्टवेअरचा मसाला वेगळा असतो आणि तुमच्या फोटोत आकडेही वेगळे येतील, पण मूळ आमटी ही वजाबाकीच.

खरी गंमत केसाच्या टोकाशी आहे. एक सुटा केस इतका बारीक असतो की एका ठिपक्यात अर्धा केस आणि अर्धा पडदा असं मिसळून येतं. काळ्या केसाचे आकडे ३०, २५, २२ धरा, पडद्याचे वरचेच, दोघांची सरासरी काढली तर लाल ४५, हिरवा १०२, निळा ४६. वजाबाकी ५६. पूर्ण पडद्याचे ११० होते, म्हणजे हा ठिपका साधारण अर्धा पडदा आहे, तर त्याला अर्धा पारदर्शक करा. बघा किती सुंदर आहे हे, कात्रीने कापल्यासारखं आत की बाहेर असं न करता अर्धं-पाव असंही मोजता येतं, आणि म्हणूनच चांगल्या क्रोमात गजऱ्याच्या कडा, भुरभुरणारे केस, जाळीदार ओढणी हे सगळं शाबूत राहतं, पेन टूलने, म्हणजे हाताने कड आखत, दोन तास बसलं तरी तसं येत नाही.

पण त्या ठिपक्यात १०२ हिरवा अजून शिल्लक आहे ना, तो तसाच मागच्या दृश्यावर ठेवला तर केसांना हिरवी झालर दिसते. म्हणून दुसरी पायरी, हिरव्याचा आकडा बाकी दोघांतल्या मोठ्यापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही, १०२ चा ४६ केला की केस परत काळपट. याला स्पिल काढणं म्हणतात. काही सॉफ्टवेअर हे जास्त कडक करतात, मोठ्याच्या ऐवजी लाल आणि निळ्याच्या सरासरीला हिरवा बांधतात, आणि तिथे हळदीच्या फोटोंची वाट लागते. हळदीचा पिवळा म्हणजे लाल २३०, हिरवा १८०, निळा ४०, वजाबाकीत उणे ५० म्हणून कापताना काही होत नाही, पण सरासरी १३५ येते आणि हिरवा १८० वरून १३५ वर आला की पिवळं एकदम केशरी होतं. नवरीच्या घरचे म्हणतात हळद अशी का दिसते, आणि आपण कॅमेऱ्याला दोष देत बसतो. स्पिल कमी-जास्त करायच्या स्लायडरला जपून हात लावा एवढंच.

आता साडीचं उत्तर तुम्हालाच कळलं असेल. हिरवी साडी, समजा लाल २०, हिरवा १२०, निळा ६०, वजाबाकी ६०, म्हणजे सॉफ्टवेअरच्या हिशोबाने ती अर्धी पडदा आहे. जिथे उजेड जास्त पडलाय तिथे तर पूर्णच पडदा. पोपटी रंगाचंही तेच, लाल १५०, हिरवा २००, निळा ६०, वजाबाकी ५०. नवरीचा हिरवा चुडा, विड्याची पानं, तुळस, पैठणीचा मोरपंखी काठ, आपल्या समारंभात हिरवं नाही असा फोटो शोधूनच काढावा लागेल. हिरवा पडदा ज्या लोकांसाठी रुजला त्यांच्या लग्नात नवरी पांढऱ्या कपड्यात असते, आपल्याकडे तसं नाही, म्हणून हा पडदा आपल्याकडे डोळे झाकून वापरता येत नाही.

मग हिरवाच का घेतात सगळे? आधी निळाच होता. फिल्मच्या जमान्यात, १९४० च्या सुमाराला हॉलिवूडमधे लॅरी बटलर या माणसाने रंगीत सिनेमासाठी निळ्या पडद्याची पद्धत वापरली आणि त्या कामाला ऑस्कर मिळालं. त्याच्याही आधी काळा पडदा वापरायचे, फ्रँक विल्यम्सने १९१८ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. आपल्याकडे दादासाहेब फाळके, ते मुळात फोटोग्राफर, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता, ते एकाच फिल्मवर दोनदा चित्र घेऊन चमत्कार दाखवायचे. त्या पद्धतीत अडचण अशी की मागचं दृश्य उजळ असेल तर माणसाच्या आरपार दिसतं, देव किंवा भूत दाखवायला छान, घरातला माणूस दाखवायला नाही. वर सांगितलेली वजाबाकीची कल्पना १९५० च्या दशकाच्या शेवटी पेट्रो व्लाहोस या अमेरिकन इंजिनिअरने बसवली, तीही निळ्या पडद्यासाठी, आणि कॉम्प्युटर नसताना, नुसत्या फिल्मच्या प्रिंट एकमेकांवर ठेवून. केस, धूर, काच या गोष्टी पहिल्यांदा नीट जमल्या त्या त्याच्यामुळे. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

हिरवा आला तो डिजिटल कॅमेऱ्याबरोबर. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर रंगीत चौकटींची जाळी असते, कोडॅकच्या ब्राइस बायरने शोधलेली, १९७६ चं पेटंट, आणि त्यात दर चार चौकटींत दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. आपला डोळा बारकावे हिरव्यातून जास्त टिपतो म्हणून तशी रचना. म्हणजे कॅमेऱ्याला निळ्याच्या दुप्पट ठिकाणी हिरवं मोजता येतं, कडा स्वच्छ येतात, फोटोत खरखरीत दाणे कमी येतात, आणि तेवढ्याच लाईटमधे हिरवा पडदा निळ्यापेक्षा उजळ दिसतो. यातूनच आणखी एक गोष्ट निघते, फोटो रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या फाईलमधे काढा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि मोबाईलमधे जेपेग, म्हणजे नेहमीची छोटी फाईल, होताना जागा वाचवायला रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळ करून ठेवली जाते, डोळ्याला फरक कळत नाही पण आपली वजाबाकी रंगावरच चालते, मग केसांच्या कडेला पायऱ्या पायऱ्या दिसायला लागतात.

त्या ताईंचं काम मी दुसऱ्यांदा निळ्या कापडावर केलं. निळ्यात हिशोब तोच, फक्त निळ्यातून बाकी दोघांतला मोठा वजा करायचा. साडीचे ६० वजा १२०, उणे ६०, साडी वाचली. बांगड्या वाचल्या. जरीच्या सोनेरीत निळा कमीच असतो, तीही वाचली. कातडीला तर निळा हिरव्याहूनही लांबचा. फक्त निळ्याला लाईट जास्त लागतो आणि सावलीत दाणे येतात, म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, खाली ठेवायची. माझं म्हणणं, आपल्या लग्नमुंजीच्या कामाला एकच पडदा घेणार असाल तर निळा घ्या. गणवेशातली मुलं, ऑफिसातली माणसं, वस्तूंचे फोटो यांना हिरवा उत्तम.

आता लावायचा कसा. माझी खोली १२ बाय १८ ची आहे, मोठी नाही. पडद्याला सुरकुती म्हणजे सुरकुतीच्या एका बाजूला उजळ पट्टा आणि दुसऱ्या बाजूला काळा, म्हणजे सॉफ्टवेअरला एक पडदा नाही तीन पडदे दिसतात, म्हणून वाफेची इस्त्री फिरवायची आणि कडांना चिमटे लावून ताणायचा. पडद्यासाठी दोन लाईट वेगळे, डावी-उजवीकडून, आणि माणसासाठी वेगळे, हे दोन संसार एकत्र करू नका. उजेड सारखा पडलाय का हे डोळ्याला कळत नाही, डोळा फार समजूतदार असतो, तो सांभाळून घेतो. त्यापेक्षा नुसत्या पडद्याचा एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा, अरुंद सुळका दिसला तर छान, पसरट टेकडी दिसली तर कुठेतरी कोपरा अंधारात आहे. पडदा जास्त झगझगीत पण नको, फार उजळला की हिरवा पांढुरका होतो आणि खोलीभर हिरवा उजेड उडतो, चेहऱ्यावर जेवढा लाईट आहे तेवढा किंवा अर्धा स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी पुरतो.

माणूस आणि पडदा यात निदान ६ फूट. हे फार महत्त्वाचं आहे. पडदा हा नुसता पडदा नसतो, तो एक मोठा हिरवा दिवा पण असतो, त्याच्यावर पडलेला उजेड हिरवा होऊन परत येतो आणि कानाच्या पाळ्या, मान, पांढरा सदरा, चष्म्याची काडी यांना चिकटतो. ३ फुटांवर माणूस बसवला तर तो हिरवा नंतर कितीही काढा, चेहरा आजारी दिसतो. खोली लहान असेल तर पडदाच लहान करा. लोकांना वाटतं अख्ख्या फ्रेममधे हिरवं पाहिजे, तसं काही नाही, माणसाच्या बाह्यरेषेभोवती वीतभर हिरवं असलं की बास, बाकी भिंत, पंखा, स्विचबोर्ड काय दिसेल ते दिसू दे, ते सरळ क्रॉप होतं. पडदा लहान तेवढा हिरवा उजेड कमी. पूर्ण उंचीचे फोटो सुरुवातीला घेऊच नका, पायाखाली पण कापड अंथरावं लागतं आणि खालून निऱ्यांवर रंग चढतो, कमरेपर्यंतचे फोटो करून हात बसू दे. अॅपर्चर, म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, ८ च्या आसपास ठेवा म्हणजे केस आणि पदर दोन्ही शार्प, कडा धूसर आली की कापणं पण धूसर येतं. मागचं धूसर करायचंच असेल तर मागचाच फोटो कॉम्प्युटरवर धूसर करायचा. नथ, स्टीलचं ताट, समई, चांदीची भांडी यात पडद्याचं प्रतिबिंब दिसतं आणि तिथे भोकं पडतात, बसायची दिशा थोडी फिरवली की बहुतेक वेळा ते जातं, नाहीतर त्या भागावर हाताने मास्क लावायचा, म्हणजे तो भाग कापला जाणार नाही असा झाकायचा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग. मागचा फोटो आधी ठरवा आणि मग लाईट लावा, उलटं करू नका. बहुतेक जण माणसाचे फोटो काढून ठेवतात आणि मग घरच्यांना विचारतात कुठलं बॅकग्राऊंड टाकू, काश्मीर टाकू का बाग टाकू. तिथेच फोटो हातातून जातो, कारण समोरून सपाट सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ उजेड देणारी कापडी पेटी, मारलेला चेहरा संध्याकाळच्या समुद्रावर कधीच बसत नाही, मग कापणं कितीही बारीक केलेलं असू दे. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे लहान मुलाला पण कळतं.

त्या ताईंना हवं होतं चांदण्यातलं, नावेतलं डोहाळजेवण. आपल्याकडे बागेतलं, चांदण्यातलं, नावेतलं असं करायची जुनी हौस आहे, आणि क्रोमासाठी याहून सुंदर विषय नाही. तळ्याचा फोटो माझ्याकडे होता, संध्याकाळी काठावर उभं राहून काढलेला, म्हणजे कॅमेरा जमिनीपासून साधारण ५ फूट उंचीवर. ताई पाटावर, समोर थर्माकोलची नाव, आणि त्यांचा फोटो मी ३ फूट उंचीवरून काढलेला. जोडल्यावर नाव पाण्यावर बसेना, तिरकी वाटायची, दोन रात्री मी नुसती खाली-वर सरकवत होतो. कारण नंतर कळलं. सपाट जमिनीवरून फोटो काढताना क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवर असते, कॅमेरा ४ फुटांवर असेल तर त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला, जवळचा असो लांबचा असो, ती रेघ ४ फुटांवरच कापते. समुद्राच्या फोटोवर माणूस ठेवताना हे एकदा करून बघा, रेघ छातीशी आली तर कॅमेरा छातीच्या उंचीवर होता, मग माणसाचा फोटोही तिथूनच काढायचा. मी परत तळ्यावर गेलो, गुडघ्यावर बसून ३ फुटांवरून फोटो काढला, आणि नाव पाण्यावर बसली.

चांदण्याचा उजेडही आधी चुकला होता. मला वाटायचं चांदणं म्हणजे मऊ, म्हणून मोठा सॉफ्टबॉक्स. पण चंद्र आकाशात सूर्याएवढाच छोटा दिसतो, आणि दिवा छोटा दिसला की सावली टोकदार पडते, पौर्णिमेला गच्चीवर स्वतःची सावली बघा, कडा स्पष्ट असते. म्हणून साधा उघडा फ्लॅश लांब, उंच आणि थोडा मागच्या बाजूला, जिकडे फोटोत चंद्र आहे तिकडूनच, म्हणजे केसांना आणि खांद्याला रुपेरी कड येते. समोरून अगदी हलका मऊ लाईट, चेहरा गोड दिसायला हवा ना. आणि लाईटवर निळी जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावायचा मोह होतो तो आवरा. चांदणं म्हणजे सूर्याचाच परत आलेला उजेड, तो खरा निळा नसतोच, अंधारात आपल्या डोळ्याला तसा भासतो, शिवाय निळ्या पडद्यासमोर निळा लाईट मारला तर गजरा आणि पडदा यातला फरकच पुसला जातो. पांढऱ्या उजेडात काढा, कापा, आणि मग दोन्हीला मिळून निळसर छटा द्या. शेवटी दोन्ही थरांवर मिळून थोडे दाणे टाका, एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखं वाटतं. सावली विसरू नका, नावेखाली पाण्यात गडद पट्टा नसेल तर नाव तरंगत नाही, उडते.

आता कुणी म्हणेल मोबाईलमधे एका बोटावर बॅकग्राऊंड जातं, पडदा कशाला. खरंय, एकट्या माणसाचा, बांधलेल्या केसांचा फोटो असेल तर मी पण तेच करतो. पण ती पद्धत अंदाज करते, मोजत नाही. मुंडावळ्यांचे सर, गजऱ्याची सुटलेली पाकळी, नवरीच्या डोक्यावरची झिरझिरीत ओढणी, इथे तिचा अंदाज चुकतो, एक सर ठेवते आणि दुसरा गाळते. गणपतीत मंडळाच्या फोटो बूथवर रांगेत २०० माणसं असली तर प्रत्येक फोटो तपासत बसायला वेळ नसतो, पडदा आणि लाईट एकदा बसले की पहिल्या माणसाला जे सेटिंग तेच शेवटच्याला. पासपोर्टच्या फोटोला मात्र यातलं काहीच करू नका, पांढऱ्या भिंतीसमोर उभं करा, कानाला हिरवं लागलेला फोटो परत येतो आणि समोरच्याची खेप वाया जाते.

ताईंच्या अल्बममधे शेवटी १२ फोटो गेले. मुलगी झाली, तिच्या बारशाचं काम पण माझ्याकडेच आलं. त्या फोनवर आपणहून म्हणाल्या, दादा, साडी पोपटी आहे, निळा पडदा लावा.